लहान धंद्याला दया नको, मुदत हवी

शहरात एखाद्या मोठ्या साखळीने दुकाने उघडली किंवा घरपोच माल देणारे नवे अ‍ॅप आले, की लहान व्यावसायिकांच्या भवितव्यावर वाद पेटतो आणि दर वेळी तो त्याच दोन टोकांवर जाऊन अडकतो. एक बाजू म्हणते, लहान व्यावसायिक हा शहराचा कणा आहे, त्याच्याकडूनच खरेदी करा, मोठ्यांना आवर घाला. दुसरी म्हणते, ज्याला परवडत नाही त्याने शटर ओढावे. गिऱ्हाईक जिथे जाते तो टिकतो, बाकीच्यांसाठी अश्रू ढाळण्यात अर्थ नाही. पहिली बाजू भावनेला हात घालते, दुसरी कार्यक्षमतेचा दाखला देते, पण दोघींचाही सगळा भर एकाच प्रश्नावर असतो: धंदा लहान असलेला बरा की मोठा? हा प्रश्नच चुकला आहे असे माझे ठाम मत आहे. लहान धंद्याची खरी कोंडी वेळेची असते. भाडेकरार किती वर्षांचा, केलेल्या कामाचे पैसे किती दिवसांनी, आणि वाढ पचवायला अवधी किती, या तिन्ही गोष्टी त्याच्यासाठी दुसरेच कोणीतरी ठरवते. शहराला त्याच्यासाठी खरोखर काही करायचे असेल तर स्पर्धकाची वाट अडवून काही साधणार नाही. त्याला मुदत मिळवून द्यावी लागेल.

आधी विरुद्ध बाजूचे सर्वांत भक्कम मुद्दे मान्य करू, कारण लहान धंद्यांचे कैवारी ते सहसा टाळतात. १९७९ मध्ये डेव्हिड बर्च या अमेरिकी संशोधकाने मांडले की बहुतेक नव्या नोकऱ्या लहान उद्योगच निर्माण करतात. लघुउद्योगांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे ते पुढे ब्रीदवाक्यच झाले. पण २०१३ मध्ये जॉन हॉल्टिवांगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील आस्थापनांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासताना आकाराबरोबर वयही हिशेबात घेतले, तेव्हा लहान असण्याचा तो फायदा जवळपास उरलाच नाही. नोकऱ्या वाढवत होते ते नव्याने सुरू झालेले धंदे. त्याआधी २०११ मध्ये एरिक हर्स्ट आणि बेंजामिन पग्सली यांनी दाखवले होते की बहुसंख्य लहान व्यावसायिकांना ना फार मोठे व्हायचे असते, ना बाजारात काही नवे आणायचे असते. स्वतःचा मालक स्वतः असणे हेच त्यांना हवे असते. पगाराचेही तसेच. मोठ्या आस्थापना सरासरीने जास्त पगार देतात, ही गोष्ट अर्थशास्त्रात अनेक देशांत पुन्हा पुन्हा तपासून झाली आहे. लहान ठिकाणी नेमणुकीचे पत्र नसते, ठरलेली रजा नसते, मालकाच्या मर्जीवर सगळे चालते, हेही नाकारता येत नाही. आणि ज्या घराचा महिन्याचा खर्च जेमतेम भागतो, त्या घराला मोठ्या साखळीच्या कमी किमतीचा आधार असतो. शेजारच्या दुकानदारावरच्या प्रेमापोटी त्या घराने चार पैसे जास्त मोजावेत, असे सांगण्याचा अधिकार मला नाही.

हे सगळे मान्य केल्यावर लहान धंद्याची बाजू संपते का? मला वाटते इथेच ती सुरू होते. नोकऱ्या आणि नवे काही तरुण धंद्यांतून येत असेल, तर प्रत्येक तरुण धंदा सुरुवातीला लहानच असतो हे विसरून कसे चालेल? अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीत नव्या आस्थापनांपैकी सुमारे एक पंचमांश पहिल्याच वर्षात बंद होतात आणि पाच वर्षांत जवळपास निम्म्या. बंद होणे हे मुळात वाईट नाही. ज्याच्या मालाला उठाव नाही, ज्याचे काम कच्चे आहे, त्याने थांबणेच सर्वांच्या हिताचे. प्रश्न आहे तो चाळणीचा. बाजार ही परीक्षा असेल, तर ती कशाची परीक्षा घेते? ज्याचे काम चोख, गिऱ्हाईक समाधानी, हिशेब स्वच्छ, असा माणूस बिलाचे पैसे तीन महिने अडकले म्हणून बंद पडला, तर बाजाराने त्याचे काम तपासले असे म्हणता येईल का? तपासली गेली ती त्याच्या खिशाची खोली. त्याच्या जागी जो टिकला, तो अधिक चांगला होता म्हणून टिकला की अधिक दिवस थांबू शकला म्हणून? कार्यक्षमतेचा दाखला देणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे.

आता संरक्षण मागणाऱ्या बाजूकडे वळू. मोठ्यांना कायद्याने रोखण्याचा प्रयोग नवा नाही, त्याचा पुरेसा इतिहास उपलब्ध आहे आणि तो उत्साहवर्धक नाही. अमेरिकेत १९२० आणि १९३० च्या दशकांत साखळी दुकानांविरुद्ध मोठे आंदोलन उभे राहिले. इंडियाना राज्याने १९२९ मध्ये दुकानांच्या संख्येनुसार चढत जाणारा कर बसवला, १९३१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला आणि मग अनेक राज्यांनी तीच वाट धरली. रोख होता ‘ए अँड पी’ या किराणा साखळीवर. १९३० च्या सुमारास तिची पंधरा हजारांहून अधिक दुकाने होती. पण कर दुकानांच्या संख्येवर होता, आकारावर नव्हता. त्याच सुमारास, १९३० मध्ये, मायकेल कलन यांनी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात भले मोठे, गिऱ्हाइकाने स्वतः माल उचलायचा असे दुकान उघडून सुपरमार्केटची वाट दाखवली होती. पुढच्या दशकभरात ए अँड पीने आपली हजारो लहान दुकाने बंद केली आणि थोडी पण अवाढव्य सुपरमार्केटे उघडली. सुपरमार्केटच्या यशाबरोबर या कराचाही त्याला हातभार लागला. म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाला वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याने त्याच्यासमोर आणखी मोठा स्पर्धक उभा करायला मदत केली. आणि ज्या कंपनीची सगळ्या देशाने धास्ती घेतली होती, तीही अखेर २०१५ मध्ये दिवाळखोरीत निघून संपली. तिला संपवायला कोणत्याही कराची गरज लागली नाही.

जपानचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. १९७३ मध्ये तिथे मोठ्या किरकोळ दुकानांवर निर्बंध घालणारा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. १९७९ मध्ये तो आणखी कडक करून पाचशे चौरस मीटरच्या दुकानांपर्यंत आणला गेला. स्थानिक दुकानदारांच्या विरोधामुळे एखादे मोठे दुकान उघडायला वर्षानुवर्षे लागत. तरीही जपानमधील किरकोळ दुकानांची संख्या १९८२ मध्ये सतरा लाखांच्या वर जाऊन कळसाला पोचली आणि तिथून घसरत गेली. कायदा रद्द झाला २००० मध्ये, म्हणजे घसरण सुरू झाली तेव्हा संरक्षण पूर्ण जोमात होते. मालक म्हातारे होत होते, मुलांना गल्ल्यावर बसायचे नव्हते, गिऱ्हाइकाच्या सवयी बदलत होत्या. कायद्याला यातले काहीच थांबवता आले नाही. याच काळात काही दुकानदारांनी मात्र वेगळा मार्ग धरला. मे १९७४ मध्ये टोकियोच्या तोयोसु भागात ‘सेव्हन इलेव्हन’ या साखळीचे जपानमधील पहिले दुकान उघडले. ते मुळात एक लहानसे मद्याचे दुकान होते आणि त्याच्या मालकाने फ्रँचायझी घेऊन त्याचे रूप पालटले होते. फ्रान्समध्ये १९७३ च्या डिसेंबरमध्ये रोयर कायदा आला. मोठ्या दुकानाला परवानगी देण्याचा अधिकार स्थानिक समित्यांकडे गेला. त्याचा अभ्यास मरियान बर्ट्रांड आणि फ्रान्सिस क्रामार्झ यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. या निर्बंधांमुळे किरकोळ क्षेत्रातील रोजगाराची वाढ मंदावली, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्या मोठ्या साखळ्या आधीच पाय रोवून बसल्या होत्या त्यांना नव्या स्पर्धकांपासून आपोआप कवच मिळाले. दार बंद केले की आत असलेला सर्वांत मोठाच सर्वांत सुखात राहतो.

याच्या उलट बाजूला एक जुने उदाहरण आहे आणि त्याचा उल्लेख या वादात फार क्वचित होतो. १८९८ मध्ये बर्लिनच्या एका भागातील एकवीस दुकानदारांनी एकत्र खरेदी करण्यासाठी सहकारी संस्था काढली. प्रत्येकाचे दुकान वेगळे, गल्ला वेगळा, नफा-तोटा ज्याचा त्याचा. एकत्र होती ती फक्त घाऊक खरेदी. त्या बीजातून उभी राहिलेली ‘एडेका’ आज जर्मनीतील सर्वांत मोठी किराणा विक्री यंत्रणा आहे आणि तिची बरीच दुकाने आजही स्वतंत्र व्यापारी चालवतात. अमेरिकेत १९२६ मध्ये शिकागोत सुरू झालेली स्वतंत्र किराणा व्यापाऱ्यांची आघाडीही याच विचारातून आली. मोठ्याला माल स्वस्त मिळतो ही तक्रार खरी आहे, पण तिच्यावरचा इलाज दुकानदारांच्या स्वतःच्या हातात आहे आणि तो सव्वाशे वर्षांपूर्वी सापडलेला आहे. म्हणूनच आकाराच्या तोट्याबद्दल सरकारकडे गाऱ्हाणे मांडणे मला पटत नाही. सरकारकडे मागायचे ते जे एकवीसच काय, एकवीसशे दुकानदार एकत्र येऊनही मिळवू शकत नाहीत तेच.

त्यातली पहिली गोष्ट म्हणजे केलेल्या कामाचे पैसे वेळेवर मिळणे. जेपी मॉर्गन चेस बँकेच्या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये अमेरिकेतील सुमारे सहा लाख लहान व्यवसायांच्या खात्यांचा अभ्यास केला. येणारे पैसे अचानक थांबले तर मधल्या स्तरावरचा व्यवसाय हातातल्या रोकडीवर किती दिवस चालेल? उत्तर आले २७ दिवस. उपाहारगृहांच्या बाबतीत तर १६ दिवस. आता हा आकडा एखाद्या साध्या धंद्याच्या वहीत ठेवून पाहू. समजा, छपाईचे काम करणारा एक कारखानदार आहे. तो महिन्याला शंभर रुपयांचे काम करतो. कागद, शाई वगैरेवर साठ जातात, मजुरी, भाडे, वीज मिळून तीस, उरतात दहा. त्याची गिऱ्हाइके लहान आहेत, माल नेताना पैसे देतात. एक दिवस मोठी कंपनी त्याच्याकडे येते आणि महिन्याला आणखी शंभराचे काम देऊ करते. जागा आणि यंत्र तेच, त्यामुळे वाढीव कामावर भाडे वाढत नाही. कच्चा माल साठ आणि जास्तीची मजुरी वीस, म्हणजे नफा दहाऐवजी वीस. कागदावर याहून चांगला सौदा नाही. अट एकच: पैसे नव्वद दिवसांनी. म्हणजे पहिला रुपया हातात पडण्याआधी त्याला तीन महिने दरमहा ऐंशी याप्रमाणे दोनशे चाळीस रुपये घालावे लागतील. त्याचा आजवरचा नफा महिन्याला दहा. दोनशे चाळीस म्हणजे त्याच्या संपूर्ण दोन वर्षांचा नफा, तोही घरखर्चाला एक पैसा न उचलता साठवला तर.

हा हिशेब नीट पाहिला की लक्षात येते, धंदा वाढू लागला म्हणूनच तो बुडू शकतो. ऑर्डर आहे, नफा आहे, यंत्र धडधडते आहे, आणि शनिवारी मजुरांना द्यायला गल्ल्यात पैसे नाहीत. कागदवाला उधारी थांबवतो. मग व्याजाने पैसे उचलायचे, आणि वीसातले पाच-सात त्या व्याजात घालवायचे. इथे मोठ्या कंपनीने लहान कारखानदाराशी स्पर्धा केली नाही, उलट त्याला काम दिले. तरीही प्रत्यक्षात झाले असे की लहान माणसाने मोठ्या कंपनीला तीन महिन्यांचे बिनव्याजी कर्ज दिले. ज्याला बँक कर्ज देताना दहा कागद मागते, तो ज्याला बँक घरी येऊन कर्ज देते त्याचा सावकार झाला. याला कार्यक्षमता म्हणायचे का? भांडवल ज्याच्याकडे स्वस्त आहे त्याने थांबावे आणि ज्याच्याकडे महाग आहे त्याला आधी पैसे मिळावेत, हे तर अर्थशास्त्राच्या साध्या नियमाने यायला हवे. घडते ते उलटे, कारण मुदत ठरवतो तो ताकदवान.

यावर म्हटले जाते की करार दोघांनी राजीखुशीने केला, नव्वद दिवस मान्य नव्हते तर काम घ्यायचे नव्हते. या मुद्द्यात तथ्य आहे आणि म्हणूनच अनेक ठिकाणी कायदे होऊनही फरक थोडाच पडला. ब्रिटनने १९९८ मध्ये उशिरा मिळालेल्या पैशावर व्याज मागण्याचा हक्क कायद्याने दिला. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशाने व्यवसायांमधल्या बिलांसाठी साधारण साठ दिवसांची मर्यादा आणि त्यापुढे चढे व्याज ठरवले. भारताच्या २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत देण्याचे आणि न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लावण्याचे बंधन घातले. कागदावर हे सगळे कडक आहे. पण पुरवठादाराने तक्रार करावी तरच कायदा हलतो, आणि ज्याच्या धंद्याचा निम्मा भाग एका गिऱ्हाइकावर आहे तो त्याच्याविरुद्ध तक्रार कशी करणार? व्याज मिळेल आणि पुढची ऑर्डर जाईल. म्हणून मला भारताच्या आयकर कायद्यात २०२३ मध्ये घातलेली आणि एप्रिल २०२४ पासून लागू झालेली तरतूद अधिक शहाणपणाची वाटते. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. तक्रार करायची गरजच नाही. खरेदीदाराचा हिशेबनीसच त्याला आठवण करून देतो. तिच्यात उणिवा आहेत. नुसता व्यापार करणारे तिच्या लाभाबाहेर राहतात आणि काही खरेदीदार या बंधनात न येणाऱ्या पुरवठादारांकडे वळतील ही भीती निराधार नाही. तरी दिशा बरोबर आहे: दुर्बळाला भांडायला लावणाऱ्या हक्कापेक्षा बलवानाच्या वहीत आपोआप पडणारा बोजा अधिक काम करतो.

दुसरी गोष्ट जागेची, आणि शहरात हीच सर्वांत कळीची. गावाबाहेर जागा बदलली तर धंदा बदलतो असे नाही, शहरात मात्र गाळा गेला की गिऱ्हाईकही गेले. एखादी मागे पडलेली गल्ली असते. भाडे कमी म्हणून चार नवखे तिथे धंदा मांडतात. रंगरंगोटी करतात, दिवे लावतात, रात्री उशिरापर्यंत उघडे ठेवतात, हळूहळू माणसांची वर्दळ वाढते. पाच वर्षांनी करार संपतो तेव्हा जागामालक म्हणतो, आता या गल्लीत भाव दुप्पट आहे. त्या भावात ज्यांच्या कष्टाचा वाटा होता तेच तो देऊ शकत नाहीत. दोनशे वर्षांपूर्वी डेव्हिड रिकार्डोने शेतजमिनीच्या खंडाबद्दल जे दाखवले तेच इथे लागू पडते. जागा मर्यादित असली की कसणाऱ्याच्या वाढलेल्या उत्पन्नाचा वाटा अखेर खंडाच्या रूपाने जमीनदाराकडे जातो.

जागामालकाची बाजूही ऐकली पाहिजे. मालमत्ता त्याची आहे, कर त्याला भरावा लागतो, आणि भाडे हा बाजाराचा संकेत आहे. जो जास्त देऊ शकतो तो जागेचा जास्त चांगला उपयोग करतो. भाडे गोठवण्याला माझाही विरोध आहे. गोठवलेल्या भाड्याची इमारत कोणी दुरुस्त करत नाही, जुना भाडेकरू जागा सोडत नाही, नव्याला दार बंद होते आणि व्यवहार टेबलाखाली जातो. पण भाडे गोठवणे आणि करार लांबवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि या वादात त्यांची सतत गल्लत केली जाते. फ्रान्समध्ये १९५३ पासून व्यापारी जागेचा करार सर्वसाधारणपणे किमान नऊ वर्षांचा असतो. भाडेकरूला दर तीन वर्षांनी बाहेर पडता येते. भाड्यात अधूनमधून सुधारणा होते, पण ती निर्देशांकाला बांधलेली असते. मुदत संपल्यावर मालकाला करार पुढे चालवायचा नसेल तर त्याला भाडेकरूला नुकसानभरपाई द्यावी लागते, कारण त्या जागेवर उभी राहिलेली गिऱ्हाइकी ही भाडेकरूची मिळकत मानली जाते. भाडे गोठवलेले नाही, मालकी हिरावलेली नाही. एवढेच केले आहे की ज्याने जम बसवला त्याला एका नोटिशीत उखडता येत नाही. ब्रिटनच्या १९५४ च्या कायद्यानेही व्यावसायिक भाडेकरूला नूतनीकरण मागण्याचा हक्क दिला. मात्र दोघांच्या संमतीने तो हक्क करारातून वगळण्याची मुभा पुढे ठेवली गेली, आणि जागेची चणचण असलेल्या ठिकाणी अशी ‘संमती’ कोणाची असते हे वेगळे सांगायला नको. पॅरिस शहराने तर २००४ पासून काही भागांत तळमजल्याचे गाळे स्वतः विकत घेऊन ते गल्लीला हव्या असलेल्या धंद्यांना भाड्याने देण्याची योजना राबवली. अशा योजनेला पैसा लागतो, ती सर्वत्र जमेल असे नाही. लांब कराराला मात्र खजिन्यातला एक पैसाही लागत नाही.

तिसरी गोष्ट वाढीची, आणि इथे मला व्यावसायिकांशीही बोलायचे आहे. धंदा जरा बरा चालू लागला की चारी बाजूंनी एकच प्रश्न येतो, दुसरी शाखा कधी? शाखा म्हणजे यश, एकाच जागी राहणे म्हणजे हिंमत नसणे, असा समज घट्ट बसला आहे. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण पैशाबद्दल वापरली जाते, पण दुसरी शाखा नेहमी पैशामुळेच बुडते असे नाही. एडिथ पेनरोज या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९५९ मध्ये मांडलेला विचार इथे मोलाचा आहे: धंद्याच्या वाढीचा वेग शेवटी त्याच्याकडे किती तयार माणसे आहेत यावर ठरतो आणि तयार माणूस बाजारातून विकत आणता येत नाही, तो त्याच धंद्यात काम करून तयार व्हावा लागतो. पहिल्या जागेवर मालक स्वतः उभा असतो. कोणत्या गिऱ्हाइकाला उधार द्यायचे, कोणाला गोड बोलून नाही म्हणायचे, आलेला माल हातात घेऊन परत पाठवायचा की ठेवून घ्यायचा, कोणता मुलगा आज गप्प आहे, हे त्याला न विचारता कळते. यातले काहीच कुठे लिहिलेले नसते. दुसऱ्या शाखेत तो दिवसाआड जातो, आणि मग दोन्हीकडे अर्धाच असतो. एक जुना मदतनीस एकट्याने महिनाभर पहिली जागा सांभाळू शकतो का, आणि त्या महिन्यात गिऱ्हाइकाच्या तक्रारी वाढतात का, हे पाहिल्याशिवाय दुसऱ्या गाळ्याची अनामत भरू नये. हा माणूस तयार व्हायला दोन-चार वर्षे लागतात. त्याला चांगला पगार द्यावा लागतो, चुका करू द्याव्या लागतात, हिशेबाची वही त्याच्यासमोर उघडावी लागते, आणि अनेक मालकांना नेमके तेच जड जाते. पगाराबद्दल आणि वागणुकीबद्दल लहान धंद्यांवर होणारी टीका मी वर मान्य केली. तिचे उत्तरही इथेच आहे: जो माणूस घडवत नाही त्याला वाढता येत नाही.

पण पाच वर्षांत करार संपणार आणि भाडे दुप्पट होणार हे माहीत असेल, तर कोण चार वर्षे माणूस घडवण्यात घालवेल? मिळेल तेवढे आजच ओरबाडून घ्यावे, घाईने दुसरीकडे जागा धरावी, हाच शहाणपणा वाटणार. लहान व्यावसायिक अदूरदर्शी असतात, कामगारांना शिकवत नाहीत, नवे तंत्र आणत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्यांनी त्यांच्या कराराची मुदत आणि येणे रकमांची वसुली पाहावी. ज्याचे उद्याचे काही नक्की नाही त्याच्याकडून दहा वर्षांची दृष्टी मागणे अन्यायाचे आहे.

आता शेवटचा आणि तत्त्वाचा आक्षेप. मुदत लांबवणे हाही बाजारात हस्तक्षेपच नव्हे का? होय, आहे. पण मोठ्या उद्योगाला मुदत कोठून मिळाली हेही विचारले पाहिजे. १८५५ मध्ये ब्रिटनने मर्यादित जबाबदारीचा कायदा केला तेव्हा भागधारकाचे नुकसान त्याने गुंतवलेल्या रकमेपुरते सीमित झाले. त्याआधी कंपनी बुडाली तर त्याचे घरदार जाऊ शकत होते. तेव्हाही विरोधकांनी हेच म्हटले होते की हा निसर्गक्रमात हस्तक्षेप आहे, यामुळे बेपर्वाई वाढेल. कंपनीला तिच्या मालकांपेक्षा जास्त आयुष्य मिळते तेही कायद्यानेच. आपल्या काळातले उदाहरण घ्या. ‘अ‍ॅमेझॉन’ १९९४ मध्ये स्थापन झाली, १९९७ मध्ये शेअर बाजारात आली, तिने पहिला तिमाही नफा दाखवला २००१ च्या अखेरीस आणि पूर्ण वर्षाचा नफा २००३ मध्ये. नऊ वर्षे थांबण्याची तयारी भांडवल बाजाराने दाखवली आणि ती तयारी मर्यादित जबाबदारीच्या, कंपनी कायद्याच्या, शेअर बाजाराच्या नियमांच्या चौकटीत शक्य झाली. त्या नऊ वर्षांत बाजाराने तिला म्हटले नाही की नफा होत नाही तर शटर ओढा. हा दोष त्या कंपनीचा नाही. दूरचे पाहणाऱ्याला वेळ द्यावा लागतो हे तत्त्व तिच्या बाबतीत बाजाराने मान्य केले आणि ते योग्यच होते. तेच तत्त्व गाळ्यातल्या माणसाला सत्तावीस दिवसांची रोकड संपली की का नाकारायचे?

यासाठी मोठ्या कायद्याची वाट पाहत बसण्याचीही गरज नाही. कोणत्याही मोठ्या शहराचे प्रशासन स्वतः जागामालक असते: मंडया, बाजार, वाहतूक स्थानकांतले गाळे त्याच्या ताब्यात असतात. ते स्वतः मोठे गिऱ्हाईकही असते: छपाई, दुरुस्ती, खाणे, गणवेश, सफाई, असंख्य कामे ते लहान व्यावसायिकांकडून करून घेते आणि बिले थकवण्यात अनेकदा खासगी कंपन्यांच्याही पुढे असते. युरोपीय संघाच्या त्याच निर्देशात सरकारी संस्थांना साधारण तीस दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे, आणि ते पाळले जात नाही म्हणून युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये खुद्द इटलीला दोषी ठरवले. म्हणून लहान व्यावसायिकांच्या संघटनांनी पुढच्या वेळी महापौरांकडे निवेदन नेताना मोठ्या साखळीविरुद्ध घोषणा देण्याऐवजी दोनच आकडे लेखी मागावेत. प्रशासनाच्या मालकीच्या गाळ्यांचे करार किती वर्षांचे आहेत, आणि लहान पुरवठादाराचे बिल मंजूर होऊन पैसे खात्यात जमा व्हायला सरासरी किती दिवस लागतात. हे दोन्ही आकडे दर तिमाहीला जाहीर करायला लावावेत, आणि पहिल्या तिमाहीत जो आकडा येईल त्यावरूनच पुढची मागणी ठरवावी.